भूगोल आपल्याला झेपेल का? ॲडमिशनआधी घरच्या घरी करायची पारख

बारावीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत ऑफिसच्या खिडकीपुढे रांग लागते, आणि बऱ्याच जणांचा विषय त्या रांगेतच ठरतो. मित्राने घेतला म्हणून, सर चांगले शिकवतात म्हणून, इंग्रजी-अर्थशास्त्र टळतं म्हणून, नाहीतर ‘स्पर्धा परीक्षेला बरा पडतो’ म्हणून भूगोल. शाळेतला भूगोल म्हणजे नकाशा भरायचा आणि उत्तरं पाठ करायची, तेव्हा विषय सोपा अशी समजूत पक्की झालेली असते. पहिल्या सत्रात प्रॅक्टिकलच्या टेबलावर टोपोशीट, म्हणजे डोंगर, नद्या, रस्ते, गावं दाखवणारा सर्व्हे ऑफ इंडियाचा तपशीलवार नकाशा, आणि आलेख कागद आला की ती समजूत मोडते. तिथून काहींना विषयाची गोडी लागते आणि काही जण तीन वर्षं दुसऱ्याचं जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, उतरवत काढतात.

आपण यातले कोण, हे आधी ओळखता येतं. दहावी-बारावीचे मार्क त्याबाबत फारसं सांगत नाहीत. दोन रविवार, एक पट्टी, एचबी आणि टूएच पेन्सिल, आलेख कागद, साधा कॅल्क्युलेटर आणि मोबाइल एवढं पुरतं.

विषय आतून कसा आहे

भूगोलात एका बाजूला भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, सागरशास्त्र. दुसऱ्या बाजूला लोकसंख्या, वसाहती, शेती, उद्योग, वाहतूक. तिसरी बाजू प्रॅक्टिकलची: नकाशाशास्त्र, प्रक्षेपणं (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या रीती), संख्याशास्त्र, सर्वेक्षण, रिमोट सेन्सिंग (उपग्रह प्रतिमांचा अभ्यास), जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणं). प्रवेश घेताना पहिल्या दोन बाजू डोळ्यांपुढे असतात, पण विषय जमतो की बिघडतो ते तिसरीवर ठरतं. श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत थिअरीच्या एका श्रेयांकाला १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका श्रेयांकाला ३० तास धरतात. म्हणजे दोन श्रेयांकांचं प्रॅक्टिकल सत्रभरात ६० तासांचं, आठवड्याला साधारण चार तास उभ्याने टेबलावर. वेळापत्रकात लहान दिसणारा हा विषय तेवढे तास खातोच.

या तिन्ही बाजू एकत्र कशा येतात ते धुळ्याकडच्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत बघा. नदीवर बंधारा बांधून गावाची शेतं गटागटाने, म्हणजे फडांनी, भिजवायची ही जुनी रीत. नदीला उतार आहे, म्हणून बंधाऱ्यामागचं पाणी पंपाशिवाय पाटाने शेतात जातं. हा झाला प्राकृतिक भूगोल. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरवर्षी फडांची पिकं फिरवायची. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. हा मानवी भूगोल. आणि कोणत्या फडाला किती पाणी मिळालं, शेवटच्या वावरापर्यंत पोहोचलं का, हे नकाशावर मोजून काढायचं, ते प्रॅक्टिकल. असं काही वाचताना ‘पाट नेमका कुठून काढला असेल?’ हा प्रश्न मनात आपोआप येत असेल, तर पुढच्या चाचण्या तुम्हाला कंटाळवाण्या वाटणार नाहीत.

पहिली चाचणी: आपल्या गावाची टोपोशीट शोधा

कुणाला न विचारता स्वतः क्रमांक काढायचा. जुन्या पद्धतीत भारताचे चार अंश बाय चार अंशांचे मोठे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येकाला क्रमांक दिला आहे. २० ते २४ अंश उत्तर आणि ७२ ते ७६ अंश पूर्व हा चौकोन ४६. खान्देशाचा बहुतेक भाग यात बसतो. रावेर, मुक्ताईनगर ७६ अंशांच्या किंचित पलीकडे आहेत, म्हणून ती ५५ मध्ये जातात.

४६ चे एकेका अंशाचे १६ भाग, त्यांना ए ते पी अक्षरं. अक्षरं वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन वरून खाली जातात, मग पुढच्या उभ्या रांगेत पुन्हा वरून खाली. पुढे प्रत्येक अक्षराचे १५ मिनिटांचे १६ भाग, १ ते १६, त्याच पद्धतीने वरून खाली.

आता जळगाव. अक्षांश २१ अंश १ मिनिट, रेखांश ७५ अंश ३४ मिनिटं. रेखांश ७५ ते ७६ मध्ये पडतो, म्हणजे चौथी उभी रांग: एम, एन, ओ, पी. अक्षांश २१ ते २२ मध्ये, म्हणजे वरून तिसरा: ओ. ओ च्या आत ७५ अंश ३० मिनिटं ते ४५ मिनिटं ही तिसरी रांग, तिच्यात ९, १०, ११, १२. अक्षांश सगळ्यात खालच्या पट्ट्यात, म्हणून १२. उत्तर ४६ ओ/१२. गंमत अशी की जळगाव शहर २१ अंशांच्या रेषेवरच पसरलंय, त्यामुळे त्याचा दक्षिण भाग ४६ पी/९ मध्ये जातो. एका शहरासाठी दोन शीट जोडाव्या लागतात. प्रॅक्टिकलला ‘सर, अर्धं गाव कुठे गेलं?’ हा प्रश्न येतो तो यामुळेच.

धुळ्याचं तुम्ही काढा: २० अंश ५४ मिनिटं, ७४ अंश ४६ मिनिटं. उत्तर ४६ एल/१३ यायला हवं. वेगळं आलं तर बहुतेक वेळा चूक एकच असते, अक्षरं किंवा आकडे डावीकडून उजवीकडे मोजलेले असतात. क्रमांक मिळाला की सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ओपन सिरीजचा नकाशा उतरवून घ्या. तिथले क्रमांक नव्या पद्धतीचे असतात आणि आपल्या भागासाठी ‘एफ ४३’ने सुरू होतात, ते बघून आपलं उत्तर चुकलं असं समजू नका.

इथे स्वतःकडे बघायचं. उत्तर पहिल्या फटक्यात आलं नाही तरी चालेल. चुकल्यावर कुठे चुकलं ते शोधत बसलात, की ‘जाऊ दे, कॉलेजात सांगतील’ म्हणून मोबाइल खाली ठेवलात?

दुसरी चाचणी: एक छेद काढा

छेद म्हणजे नकाशावरच्या एका रेघेवर जमीन उभी कापली तर चढउतार बाजूने कसा दिसेल त्याची आकृती. ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची, तिला पुरते दोन-अडीच तास द्या. १:५०,००० च्या शीटवर २ सेंमी म्हणजे जमिनीवर १ किमी. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या २० मीटरच्या अंतराने आणि दर पाचवी रेषा जाड, म्हणजे जाड रेषा शंभराच्या पटीत. ज्या भागात चढउतार आहे तिथे १० किमीची, म्हणजे २० सेंमीची सरळ रेघ मारा. यावल-चोपड्याकडच्यांनी ती सातपुड्याच्या पायथ्यापासून वर न्यावी, धुळेकरांनी लळिंगच्या डोंगरावरून, नंदुरबारकरांनी तोरणमाळच्या कड्यावरून. नुसत्या तापीकाठच्या सपाटीवर रेघ मारलीत तर अख्ख्या छेदात दोन-तीनच रेषा कापल्या जातील आणि हाती काही लागणार नाही.

कागदाची सरळ कड रेघेवर ठेवा. जिथे जिथे समोच्चरेषा कडेला छेदते तिथे बारीक खूण करून उंची लिहा. नदी, रस्ता, गाव यांचीही खूण करा. मग ती पट्टी आलेख कागदावर ठेवून खुणा खाली उतरवा आणि उंचीप्रमाणे ठिपके द्या.

आता उभं प्रमाण. आडवं प्रमाण तसंच उभं घेतलं तर ४०० मीटरचा डोंगर जेमतेम ८ मिलिमीटर दिसेल, म्हणजे सातपुडा बांधाएवढा. म्हणून उभ्या बाजूला १ सेंमी = १०० मीटर घ्या, म्हणजे १:१०,०००. आता तोच डोंगर ४ सेंमी. पन्नास हजाराला दहा हजाराने भागलं की ५. याला उभी अतिशयोक्ती म्हणतात आणि ती छेदाखाली लिहावीच लागते. न लिहिलेला छेद वाचणाऱ्याला फसवतो, कारण पाचपट ताणलेला उतार तो खरा समजतो.

ठिपके पट्टीने जोडायचे नाहीत, मोकळ्या हाताने गोलाईत जोडायचे. नवख्यांच्या चुका ठरलेल्या असतात. लागोपाठच्या दोन खुणा सारख्याच उंचीच्या आल्या की मध्ये आडवी सपाट रेघ मारतात. प्रत्यक्षात तिथे नाला असेल तर रेघ थोडी खाली दबायला हवी आणि माथा असेल तर थोडी वर उचलायला हवी, पण पुढच्या समोच्चरेषेपर्यंत न पोचता. दुसरी चूक चढ-उताराची दिशा उलटी धरण्याची. नदीचं पात्र शोधा, तिथे छेद खाली जायलाच हवा. जात नसेल तर खुणा परत वाचा. तिसरी, पट्टी हलते आणि अर्धे ठिपके दोन मिलिमीटर सरकतात. टाचणीने दोन टोकं धरली की हे टळतं.

छेद पूर्ण झाला की त्याच्याकडे पाच मिनिटं बघा. पायथ्याशी उतार एकदम मंद होतो, ती जागा सापडते का? सातपुड्यातून खाली येणारे नाले तिथेच वेग हरवतात आणि मोठे दगड, गोटे, वाळू टाकून देतात. ते थर पाणी भराभर जिरवतात, म्हणूनच तिथे पाणी खोल जातं. कागदावर काढलेली वाकडी रेघ आणि यावल-रावेरकडच्या खोल गेलेल्या बोअर यांचा असा संबंध लागतो. हा संबंध जुळल्यावर थोडं सुखावल्यासारखं वाटलं, तर भूगोल तुमचा आहे. दोन तास गेले म्हणून चिडचिड झाली असेल तर तेही प्रामाणिकपणे मान्य करा. असे पंधरा-वीस छेद आणि आकृत्या दरवर्षी काढाव्या लागतात.

तिसरी चाचणी: ‘इथेच का?’

आपल्या शिवारातली तीन ठिकाणं घ्या आणि प्रत्येकाला ‘हे इथेच का?’ असं विचारा. उत्तर आठ-दहा ओळींत लिहा, इंटरनेट न बघता.

समजा विषय घेतला, केळी रावेर-यावलकडेच का? ‘काळी जमीन आणि पाणी’ हे शाळेचं उत्तर झालं. कॉलेजात एवढ्याने भागत नाही. तापीच्या गाळाची खोल जमीन, विहिरी आणि नळकूपांचं पाणी, उन्हाळ्यातला गरम वारा अडवायला बागेभोवती लावलेली शेवरी, हिवाळ्यात पारा १२ अंशांच्या खाली गेला की खुंटणारी वाढ, आणि माल उत्तरेच्या बाजारात पोचवणारी रेल्वे. रेल्वे वगळली तर उत्तर अर्धंच राहतं, कारण तेवढीच चांगली जमीन आणखीही ठिकाणी आहे. चांगलं उत्तर कारणं सांगतं, त्यातलं कोणतं जास्त वजनाचं ते ठरवतं आणि कुठे हे लागू पडत नाही तेही सांगतं.

नंदुरबार, साक्री, दोंडाईचाकडच्यांना याहून सरस प्रश्न दारातच आहे. त्या भागात काळ्या दगडांच्या लांबच लांब, भिंतीसारख्या रांगा दिसतात, बहुतेक पूर्व-पश्चिम. ज्वालामुखीच्या काळात बेसाल्टच्या भेगांत शिलारस घुसून थिजला, त्याच्या या डाइक. आजूबाजूचा खडक झिजला, हा कठीण म्हणून उभा राहिला. अशा रांगेच्या एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या बाजूची कोरडी असं का होतं? डाइक अखंड असेल तर जमिनीखाली बांधासारखी पाणी अडवते. भेगाळलेली असेल तर उलट त्या भेगांतूनच पाणी वाहतं. दोन विहिरी बघून नियम ठरवू नका. सात-आठ विहिरी बघा, पाण्याची खोली दोरीने मोजा, रांगेपासूनचं अंतर पावलांनी मोजा, वहीत टिपा. हे तुमचं पहिलं क्षेत्रकार्य, आणि त्याला कॉलेजची परवानगी लागत नाही. विहीरमालकाची मात्र घ्या.

चौथी चाचणी: आकडे

‘गणित नको म्हणून आर्ट्स’ हा हिशेब भूगोलात चुकतो. अवघड गणित नाही, पण आकडेमोड सतत आहे. सरावापुरते पाच वर्षांच्या पावसाचे आकडे घ्या, मिलिमीटरमध्ये: ५२०, ७१०, ६४०, ४३०, ८५०. बेरीज ३१५०, सरासरी ६३०. प्रत्येकाचा सरासरीपासून फरक: उणे ११०, ८०, १०, उणे २००, २२०. फरकांचे वर्ग: १२१००, ६४००, १००, ४००००, ४८४००, बेरीज १,०७,०००. पाचाने भागून २१४००, वर्गमूळ १४६. हे प्रमाण विचलन. १४६ ला ६३० ने भागून शंभराने गुणलं की २३ टक्के, ही पावसाची चलता.

इथवर कॅल्क्युलेटरही येतो. भूगोल पुढे सुरू होतो: सरासरी ६३० असलेलं पण चलता १० टक्के असलेलं दुसरं गाव आणि हे गाव यांत कोरडवाहू शेतकऱ्याला कुठे बरं? सरासरी सारखी असून भरवसा वेगळा, हे ज्याला आकड्यांत दिसतं त्याला संख्याशास्त्राचा पेपर जड जात नाही. पाऊस स्वतः मोजायचा असेल तर सरळ बाजूंचं भांडं घ्या. निमुळती बाटली कापून ठेवली तर वरचं तोंड आणि खालचा घेर सारखे नसतात आणि उंचीवरून मोजलेला आकडा खोटा निघतो. नोंद रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे. २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पडला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतात.

कॉलेजात गेल्यावर कुठे अडतं

सर्वेक्षणात सगळ्यात जास्त रडवतं ते प्रिझमॅटिक होकायंत्र. समोरच्या खुणेची दिशा उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते यात वाचतात. ‘क’ वरून ‘ख’ कडे बघितलं, वाचन ६२ अंश आलं. ‘ख’ वर जाऊन मागे ‘क’ कडे बघितलं तर २४२ यायला हवं, बरोबर १८० चा फरक. आलं २४४.५. यंत्र बिघडलं असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं. दोनपैकी एका ठिकाणी लोखंड असतं. उभी केलेली मोटारसायकल, विहिरीवरची मोटर, विजेचा खांब, खिशातला मोबाइल, हातातलं कडं. आपल्याकडे आणखी एक कारण असतं: बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे उघड्या काळ्या खडकावर उभं राहून घेतलेलं वाचन सरकू शकतं. जागा दहा-वीस पावलं बदलून पुन्हा वाचा. ज्या रेषेचा फरक बरोबर १८० येतो तिची दोन्ही टोकं शुद्ध धरून बाकीची वाचनं दुरुस्त करतात. आकडे ‘जुळवून’ लिहिण्याचा मोह होतो, पण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

गाव-सर्वेक्षणात वेगळी गफलत. साठ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन गेलात तर पाचव्या घरानंतर लोक कंटाळतात आणि दहाव्यानंतर तुम्ही. बारा-पंधरा प्रश्न पुरे. फक्त मुख्य रस्त्यावरची पक्की घरं केली तर गाव श्रीमंत निघतं. घरांची यादी करून चिठ्ठ्या टाकून तीस-चाळीस घरं निवडा, मग ती वस्तीच्या टोकाला आली तरी तिथे जा. जमीन विचारताना कोणी एकरात सांगतो, कोणी बिघ्यात, आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये. १ हेक्टर म्हणजे १०० आर, सुमारे २.४७ एकर; १ एकर म्हणजे ४० गुंठे. बिघा गावोगाव वेगळा असू शकतो, म्हणून ‘तुमच्याकडे बिघा केवढा?’ हेही विचारून लिहा. भाषेचं भान ठेवा. ‘आपले एकूण धारणक्षेत्र किती?’ म्हणाल तर आजी घरातून मुलाला हाक मारेल. अहिराणीत ‘तुमनं वावर कितलं शे?’ म्हणाल तर बसायला पोतं मिळेल. अक्राणी-अक्कलकुव्याकडे जाणार असाल तर भिलोरी किंवा पावरी बोलणारा सोबती गटात हवा.

जनगणनेचे तक्ते वापरताना खान्देशातला एक ठरलेला खड्डा आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. १९९१ चा ‘धुळे’ आणि २००१ चा ‘धुळे’ थेट शेजारी ठेवले तर जिल्ह्याची लोकसंख्या घटली असं निघतं, आणि त्यावर स्थलांतराची कारणं लिहिलेले प्रकल्प तयार होतात! तालुकावार आकडे घेऊन दोन्ही वर्षांची हद्द आधी सारखी करा. २०२१ ला जनगणना झालीच नाही, त्यामुळे ‘ताजी’ म्हणून अजून २०११ चीच आकडेवारी वापरावी लागते.

मग संगणक. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. शिकायला लागल्यावर पहिली चूक सगळ्यांची एकच: क्षेत्रफळ काढलं आणि उत्तर ०.०००३ असं काहीतरी आलं. नकाशा अंशांमध्ये असतो म्हणून हे होतं. खान्देशासाठी यूटीएम झोन ४३ उत्तर, कोड ३२६४३, हे मीटरमध्ये मोजणारं प्रक्षेपण निवडून नकाशाचा थर त्यात नव्याने जतन करा. मग मीटर-हेक्टरमध्ये उत्तर येतं. उपग्रह प्रतिमा निवडताना लँडसॅट उपग्रहाचा एक ठिपका (पिक्सेल) ३० मीटरचा आणि सेंटिनेल-२ चा १० मीटरचा, हे लक्षात असू द्या. एक एकराचं वावर लँडसॅटमध्ये चार-साडेचार ठिपके, सेंटिनेलमध्ये चाळीसेक. छोट्या वावरांचं पीक ओळखायचं तर लँडसॅटमध्ये बांधापलीकडचा कापूस आणि अलीकडची केळी एकाच ठिपक्यात मिसळतात. जुलै-ऑगस्टची प्रतिमा उतरवाल तर ढगच दिसतील. त्या दिवसांत ढगांआडून बघणारी सेंटिनेल-१ ची रडार प्रतिमा लागते.

थिअरी मराठीतून होते, पण सॉफ्टवेअर आणि पुढच्या वर्गातलं वाचन इंग्रजीतून असतं. पहिल्या दिवसापासून वहीत प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहिली की एम.ए.ला धाप लागत नाही. इंग्रजीच्या भीतीने भूगोल घेणाऱ्यांनी हे आधी ऐकून ठेवलेलं बरं.

नोकरीबद्दलचे तीन गैरसमज

‘भूगोल केला की हवामान खात्यात जाता येतं.’ तिथल्या सायंटिफिक असिस्टंटच्या भरतीत भौतिकशास्त्र, संगणक, इलेक्ट्रॉनिक्स अशी पात्रता मागतात. हवामानाचंच वेड असेल तर बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घ्या. ‘भूजल खात्यात पाणी शोधायची नोकरी मिळते.’ त्या तांत्रिक पदांना प्रामुख्याने भूशास्त्राची पदवी लागते. भूगोल आणि भूशास्त्र हे दोन वेगळे विषय आहेत, आणि खडकांतच रमणाऱ्याने दुसरा घ्यावा. ‘सर्वे शिकलो म्हणजे मोजणी खात्यात भूकरमापक.’ त्याला स्थापत्यची पदविका किंवा आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड मागितलेला असतो. कोणत्याही जाहिरातीतला पात्रतेचा परिच्छेद ॲडमिशनच्या आधी वाचा. तीन वर्षांनी वाचून उपयोग नसतो.

भूगोलाच्या बाजूने सरळ उघडणारे रस्ते: बी.एड. करून शिक्षक, एम.ए. किंवा एम.एस्सी. करून सेट-नेट आणि प्राध्यापकी, जिथे जागा कमी आणि वाट लांब. जीआयएसची कामं, ज्यांची सुरुवात दिवसभर रेषा गिरवण्यापासून होते आणि जो प्रोग्रामिंग शिकतो तो लवकर वर सरकतो. पाणलोट आणि ग्रामविकासाची कामं. यूपीएससीला भूगोल वैकल्पिक घेतला तर २५० गुणांचे दोन पेपर, शिवाय सामान्य अध्ययनात त्याचा उपयोग होतो. पण फक्त एवढ्यासाठी पदवीला भूगोल घ्यायलाच हवा असं नाही, वैकल्पिक विषय पदवीतलाच लागतो असा नियम नाही.

कॉलेज बघताना

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या हद्दीत तिन्ही जिल्हे येतात, अभ्यासक्रम सारखाच. फरक पडतो तो विभागात. भूगोल मेजरला (मुख्य विषय म्हणून) तिसऱ्या वर्षापर्यंत मिळतो की फक्त मायनर (दुय्यम), हे आधी विचारा. पहिल्या वर्षाला विषय असतो, मुलं कमी पडली की पुढे वर्ग उघडत नाही, आणि मग तिसऱ्या वर्षाला गाव बदलावं लागतं. एसटीच्या पासवर येणाऱ्यांनी प्रॅक्टिकल सकाळी की दुपारी तेही विचारावं; शेवटची गाडी पाचला आणि प्रॅक्टिकल साडेपाचपर्यंत, असा मेळ वर्षभर जमत नाही. शैक्षणिक सहल सक्तीची आहे का, तिचा खर्च कधी भरायचा, मुलींसोबत शिक्षिका असतात का, हे घरच्यांसमोरच विचारलेलं चांगलं. रंग ओळखायला अडचण असेल तर तीही सांगा. त्यामुळे विषय बंद होत नाही, पण उपग्रह प्रतिमांच्या रंगसंगती तुमच्यासाठी बदलून घ्याव्या लागतील.

मग प्रयोगशाळा बघायला मागा. प्लेन टेबल, अलिडेड, डंपी लेव्हल ही सर्वेक्षणाची साधनं कपाटात कुलपाआड असतील तर कुलपावरची धूळ बघा. संगणक किती, त्यांवर क्यूजीआयएस टाकलेलं आहे का ते चालू करून बघा.

शेवटी तिसऱ्या वर्षातल्या कुणाचं तरी सही झालेलं जर्नल हातात घ्या. दोन-तीन मुलांची शेजारी ठेवता आली तर आणखी बरं. सगळ्यांत एकच छेद, एकच चूक आणि त्याखाली बरोबरची खूण दिसली तर तिथे जर्नल फळ्यावरून उतरवून घेतात. प्रत्येकाची शीट वेगळी, खोडाखोड आहे, लाल शाईत ‘उभी अतिशयोक्ती लिहा’ असा शेरा आहे, तर तिथे काम करून घेतात. छेदाचं पान काढा आणि रविवारी तुम्ही काढलेला कागद त्याच्याशेजारी धरून बघा.